मागील आयुष्य लेकरांपुढे कसे मांडावे?



अलीकडे आपल्या मंडळींत आत्मवृत्त लिहिण्याची हौस वाढली आहे, ही गोष्ट चांगलीच आहे. पूर्वी हे काम मोठमोठ्या पुढाऱ्यांचे आणि विद्वानांचे समजले जाई. आता निवृत्त शिक्षक लिहितात, गिरणीत उमर काढलेले कामगार लिहितात, शेतकरीही लिहितात. पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आले की मुले वडिलांकडून दोन-चार वह्या भरून घेतात, छापखान्यातून पुस्तक येते आणि जेवणाच्या पंगतीत ते वाटले जाते. अशी पुस्तके आमच्याकडेही येतात आणि आम्ही ती आवडीने वाचतो. परंतु बहुतेकांत एक गोष्ट सारखीच आढळते. लेखक जन्मापासूनच सदाचारी असतो! लहानपणी गरिबी होती, वडील कडक होते, आई माउली होती, पुढे कष्ट केले, पांडुरंगाची कृपा झाली, गळ्यात माळ आली, वारी धरली, मुले मार्गी लागली. सगळे खरे. पण लग्न झाल्यापासून माळ घालीपर्यंतची पंधरा-वीस वर्षे गेली कुठे? तिथे एकच वाक्य असते, की संसारात काही चढउतार आले. त्या चढउतारात काय दडले आहे ते गावाला ठाऊक असते, भावाला ठाऊक असते, घरच्या लक्ष्मीला तर चांगलेच ठाऊक असते. आणि पुष्कळदा मुलांनाही ठाऊक असते. ठाऊक नसल्याचे सोंग मात्र सगळे मिळून आणतात.

हा प्रश्न पुस्तकापुरता असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. तो घराघरांतला आहे. समजा, एका गृहस्थाने चाळिशीत माळ घातली. त्याआधी दारू होती, पत्ते होते, रागाच्या भरात बायकोवर हातही उगारला होता. आता वीस वर्षे एकादशी चुकलेली नाही. एके दिवशी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा समोर उभा राहतो आणि विचारतो, "आबा, तुम्ही पूर्वी पीत होता म्हणतात, खरं का?" आता आबांनी काय बोलावे? कोणी मुलावर डाफरतो, "तुला कोणी सांगितलं ते आधी सांग!" कोणी सरळ नाही म्हणतो. कोणी गप्प बसून टाळ उचलतो आणि भजनाला निघतो. मुलाला तिन्ही उत्तरांतून एकच गोष्ट कळते, की ऐकले ते खरे आहे आणि आपला बाप ते बोलत नाही. शिवाय न सांगता आणखीही एक धडा तो शिकतो, की आपल्या हातून असे काही घडले तर आपणही ते घरात बोलायचे नाही. पुढे तोच मुलगा वाट चुकला म्हणजे बाप कपाळाला हात लावून म्हणतो, एका शब्दाने तरी सांगायचे होते आम्हाला!

यावर आमचे काही जुने स्नेही म्हणतात, "अहो, माळ घातली, चंद्रभागेत बुडी मारली, मागचं सगळं धुऊन निघालं. आता ते उकरायचं कशाला?" या बोलण्यात भाविकपणा आहे, आणि अर्धे खरेही आहे. नामाने पाप जळते यावर आमची पूर्ण श्रद्धा आहे. पण देवाच्या दरबारचा हिशोब आणि माणसांतला हिशोब या दोन वह्या आहेत. देवाने पदरात घेतले म्हणून भावाचा बळकावलेला बांध आपला होत नाही. देवाने क्षमा केली म्हणून बायकोने सोसलेले न सोसल्यासारखे होत नाही. आणि मुलाने विचारलेला प्रश्न तर देवाला विचारलेला नसतोच. तो बापाला विचारलेला असतो.

याबाबतीत संतांनी काय केले ते पाहू. तुकोबारायांना संतमंडळींनी त्यांचे वृत्त विचारले, तेव्हा महाराजांनी ते सांगितले. आधी म्हणाले, हे सांगणे बरे नव्हे, पण तुम्ही विचारता म्हणून सांगतो. तो अभंग बहुतेकांना पाठ आहे, म्हणून येथे देत नाही. त्यात काय काय आहे पहा. जात कोणती, धंदा कोणता, आईबाप गेल्यावर कसे दुःख झाले, दुष्काळाने पैसा गेला आणि त्याबरोबर मानही गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, त्याची लाज वाटली, व्यवहारात तूट येत गेली. तो 1630 च्या सुमाराचा दुष्काळ, ज्याने सारा दख्खन उजाड केला. अशा काळात घरातले माणूस उपाशी मेले ही गोष्ट किती जण उघड बोलले असतील? महाराजांनी ती चारचौघांत सांगून ठेवली, आणि आज साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती टाळमृदंगात म्हटली जाते आहे.

पण आमच्या मते त्याहूनही कठीण असा त्यांचा दुसरा एक अभंग आहे, आणि तो कीर्तनात कमी ऐकू येतो. त्यात ते संतांना म्हणतात की तुम्ही माझा एवढा आदर का करता, मी कोण ते माझे मन जाणते. लोक म्हणत, तुकोबांनी धनाचा त्याग केला. महाराज म्हणतात, त्याग कसला! होते ते आपोआप सरले, मी काही ते ब्राह्मणाला किंवा याचकाला दिले नव्हते. लोक म्हणत, एकांताची आवड केवढी! महाराज म्हणतात, लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती म्हणून रानात सांदीकोपरा धरला, एकांत आवडू लागला तो त्यासाठी. लोक म्हणत, विठ्ठलावर निष्ठा केवढी! महाराज म्हणतात, वडिलांची ती सेवा चालत आलेली होती म्हणून मी या देवाला पूजतो, याला कोणी भाव समजू नका. मंडळी, जरा थांबून विचार करा. भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर आपण माथा टेकतो. तिथे बसणारा पुरुष स्वतः सांगतो की मी आलो तो आधी लाजेने आलो. यामुळे डोंगराचे पावित्र्य रतीभर तरी कमी झाले का? उलट ज्याला दिवाळे निघाल्यावर गावात तोंड दाखवता येत नाही, त्याला त्या डोंगराकडे जायची वाट सापडली.

महिपतीबुवांनी 1762 मध्ये भक्तविजय पुरा केला आणि संतांची चरित्रे घरोघर पोचवली. त्यांचे उपकार फेडता येण्याजोगे नाहीत. परंतु चरित्रकार प्रेमाने लिहितो, त्याला आपला नायक उजळ दिसावा असे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. स्वतः संत जेव्हा स्वतःविषयी बोलतात तेव्हा सूर निराळा असतो. आपल्या पंच्याहत्तरीच्या पुस्तकांची गफलत तिथेच होते. लेखक स्वतःच स्वतःचा महिपती होऊ पाहतो! ते काम दुसऱ्याने करायचे असते, आणि तेही आपण गेल्यावर.

तुकोबांच्या दिवाळ्यावरून कर्जाचा विषय निघतो, तो नुसता ओलांडून पुढे जाता येत नाही. आमच्या वाचकांत शेतकरी पुष्कळ आहेत. सोसायटीचे, बँकेचे, सावकाराचे असे तिहेरी ओझे कित्येक घरांत असते, आणि ते मुलांपासून लपवले जाते. मुलाच्या अभ्यासात मन राहावे, मुलीच्या सासरी बोभाटा होऊ नये, अशी कारणे असतात. कारणे मायेचीच असतात. पण पुढे काही विपरीत घडले, की दहाव्याच्या दिवशी पोरे कागद चाळत बसतात आणि म्हणतात, आम्हाला काहीच बोलले नव्हते हो. विदर्भ-मराठवाड्यात हे किती घरांत घडले ते सांगायला नको. दिवाळे निघालेला माणूस या संप्रदायाचा कळस झाला, आणि त्याच संप्रदायातला बाप कर्जाचे नाव मुलापुढे काढायला लाजतो, ही गोष्ट आम्हाला फार लागते. कर्ज सांगितल्याने फिटत नाही, हे खरे. परंतु ते एकट्याने वाहण्याचे ओझे राहत नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते पुस्तक आईच्या थोरवीचे म्हणून सारा महाराष्ट्र वाचतो, वाचावेच. पण त्यात श्याम स्वतःला कसा रंगवतो तेही पहावे. पोहायला जायच्या भीतीने तो घरात लपून बसतो आणि आईच्या शिंपटीचा मार खातो. त्या घरावर वडिलांमुळे कर्ज होते, सावकाराची माणसे दारात येत, जप्तीची दवंडी गावात पिटली गेली, हेही सारे त्यात आहे. वडिलांची ही गोष्ट लिहिल्याने वडिलांचा मान गेला असे कोणा वाचकाला वाटले आहे काय? वाचताना डोळ्यांत पाणी येते ते त्या दोघांसाठीही येते. आणि लिहिणारा हात कोणाचा, तर 1947 च्या मे महिन्यात पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून दहा दिवस उपोषण करणाऱ्याचा. स्वतःशी आणि घराशी खरे बोलणारा माणूस देवाच्या बडव्यांशीही खरे बोलू शकला, असे आम्ही समजतो.

आता लपवण्याची दुसरी बाजू. माउलींच्या घरची कथा आपण नेहमी भावंडांच्या अंगाने ऐकतो. जरा विठ्ठलपंतांच्या अंगाने पहा. परंपरेने सांगितलेली कथा अशी, की वैराग्य अनावर होऊन ते काशीला गेले आणि घरी पत्नी आहे ही गोष्ट गुरूंपासून दडवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू यात्रेला निघाले, वाटेत आळंदीला उतरले. रुक्मिणीबाई पाया पडल्या, सवयीने तोंडून पुत्रवतीचा आशीर्वाद गेला. बाई हसल्या, कारण विचारले, आणि सगळे उघड झाले. गुरूंनी विठ्ठलपंतांना परत पाठवले, पुन्हा संसार झाला, चार रत्ने जन्माला आली. आणि संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले.

या कथेतला मोठा अन्याय समाजाचा आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. निष्पाप पोरांना वाळीत टाकणाऱ्यांची बाजू आम्ही कधी घेतली नाही आणि घेणारही नाही. विठ्ठलपंतांना बोल लावावा एवढी आमची योग्यताही नाही. पण कथा काय दाखवते ते पहावेच लागते. काशीत एक गोष्ट न सांगण्याला किती वेळ लागला असेल? एक क्षण. तिची परतफेड चार मुले करीत राहिली. घरातल्या दडवलेल्या गोष्टीचे असेच असते. दडवतो एक, वाहतो दुसरा, आणि बहुधा तो दुसरा वयाने लहान असतो. त्या वेळी समाज फार कठोर होता म्हणून माणसे लपवीत, हे आम्ही मान्य करतो. आज कोणाचे वडील तुरुंगात जाऊन आले असतील, कोणाच्या आईचे पहिले लग्न मोडलेले असेल. आपल्या दिंडीत अशी माणसे आली तर आपण कुजबुजतो की नाही? लोकांनी खरे बोलावे असे वाटत असेल तर ऐकणाऱ्यांनीही थोडे सुधारले पाहिजे. हे आम्ही फडकऱ्यांना आणि दिंडीचालकांना मुद्दाम सांगतो.

या विषयात आमचा खरा आधार मात्र शिऊरच्या संत बहिणाबाईंचा आहे. बहिणाबाई म्हटले की आता अनेकांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या निराळ्या. त्यांची गाणी गोड आहेत, पण त्यांचा काळ 1880 ते 1951 चा. आम्ही म्हणतो त्या तुकोबांच्या शिष्या, जन्म 1628 च्या सुमारास देवगाव रंगारीचा, समाधी 1700 मध्ये शिऊरला. आपल्या आयुष्याची हकीकत क्रमाने सांगणारे अभंग त्यांनी रचले. मराठीत एका बाईने स्वतःचे आयुष्य असे मांडल्याचे इतके जुने उदाहरण दुसरे नाही म्हटले तरी चालेल. जस्टिन अॅबट नावाच्या गोऱ्या मिशनऱ्याने 1929 मध्ये ते इंग्रजीत नेले, म्हणजे परक्यालाही त्याची किंमत कळली. आपल्याकडे शंभरांत दहा वारकऱ्यांनी तरी ते वाचले असेल की नाही, कोण जाणे!

त्यात त्या काय सांगतात? अजाण वयात तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झाले. भाऊबंदकी आणि अडचणी यांमुळे आईबापांना गाव सोडावे लागले, भिक्षेवर पोट भरीत पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत मंडळी कोल्हापूरला पोचली. तिथे एक वासरू त्यांना लळा लावून मागे मागे फिरू लागले, जयरामस्वामींच्या कीर्तनाला सुद्धा बरोबर येऊ लागले. स्वामींनी दोघांना जवळ घेतले आणि नवऱ्याच्या डोक्यात राख गेली. त्याने बायकोला बांधून मारले. पुढे तुकोबांचा स्वप्नात अनुग्रह झाला, तेव्हा तर शूद्राला गुरू कसे केलेस म्हणून तो घर सोडून जायला निघाला, आणि ही पोटुशी. मग त्याला दुखणे आले, हिने महिनाभर शुश्रूषा केली, त्याचे मन पालटले, आणि दोघे देहूला गेली. हे सारे बाईंनी लिहून ठेवले आहे. मार लिहिला आहे, आणि नवरा पालटला तेही लिहिले आहे. दोन्ही! इथेच सारी मख्खी आहे. एखादी मार तेवढा लिहून सूड घेती. दुसरी कोणी पालटल्याची गोड गोष्ट तेवढी सांगती आणि पाठीवरचे वळ पदराखाली झाकती. बाईंनी दोन्ही एकाच धाग्यात ओवले, शिवीशाप न देता.

आणि शेवट तर आमच्या विषयाचाच आहे. देह ठेवण्याची वेळ जवळ आली तेव्हा त्यांनी मुलाला, विठोबाला, बोलावून घेतले आणि आपले मागले बारा जन्म त्याला सांगितले. हा तेरावा. कोणत्या जन्मी काय घडले, काय राहून गेले, तू माझ्याबरोबर कसा होतास, असे सारे. मागल्या जन्मांच्या सांगण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या अधिकाराप्रमाणे घ्यावा. आमच्यासारख्यांना एका जन्माचे सुद्धा धड सांगवत नाही! पण आई शेवटच्या बिछान्यावर मुलाजवळ आपला सगळा मागोवा उघडा करते, हे दृश्य डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. त्याला तिने उपदेश केला असता तरी चालले असते. तिने आपली हकीकत सांगितली.

आता थोडे सांगण्याच्या रीतीविषयी. खरे बोला असे म्हटले की काहींना भलताच जोर येतो. काही बुवा कीर्तनात आपल्या पूर्वायुष्याचे असे वर्णन करतात, की श्रोत्यांना दारूच्या वासानेच झिंग यावी. मी किती वाया गेलो होतो, किती बाटल्या, किती मारामाऱ्या! हा पश्चात्ताप नव्हे, ही मिरवणूक आहे. मुलापुढे असे बोलणाऱ्या बापापेक्षा गप्प बसणारा परवडला. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, तमाशा नको असतो. "हो, पीत होतो. तुझ्या आईला त्याचा फार त्रास झाला. सुटायला चार वर्षं लागली." एवढे तीन वाक्यांत होते. पुढे त्याने विचारले तर पुढचे. आठ वर्षांच्या पोराला सांगायचे निराळे आणि अठराच्या मुलाला निराळे, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. लहानाला थोडे सांगावे. थोडे सांगणे आणि खोटे सांगणे यांत पुष्कळ अंतर आहे.

दुसरे असे, की आपली गोष्ट आपल्या एकट्याची क्वचितच असते. तीत बायको असते, भाऊ असतो, आणखी कोणाची लेकबाळ असते. आपले पाप उघडे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, दुसऱ्याची लाज छापण्याचा नाही. वहीत लिहिण्याआधी घरातून विचारून घ्यावे. पत्नी म्हणाली की हे मी असेपर्यंत नको, तर नको. मुलाला तोंडी सांगणे आणि पाचशे प्रती छापून पंगतीत वाटणे यांत फरक आहेच. भावाच्या जमिनीविषयी पश्चात्तापाचे प्रकरण लिहायचे असेल, तर आधी भावाकडे जाऊन यावे. नाही तर प्रकरण छापून येते, लोक वाहवा करतात, आणि बांध जिथल्या तिथे असतो.

समोरासमोर बसून हे बोलणे पुरुषमाणसाला जड जाते, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर एक साधी सोय आहे. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे, वाटेत पंधरा-वीस दिवस जातात. एका वर्षी मुलाला बरोबर घ्या. दिंडीत शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे पहावे लागत नाही, नजर वाटेवर असते, आणि दिवेघाटाच्या चढाला बोलता बोलता दमही लागतो, त्यामुळे आपोआप थोडक्यात होते. विसाव्याला चहा घेताना उरलेले सांगता येते. वाखरीपर्यंत जीभ उचलली नाही, तर कार्तिकी आहेच.